वन बीएचके आणि तीन सरकारं

दहिसरचा चेकनाका ओलांडला की मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मोटारींना टोल द्यावा लागत नाही, त्यामुळे ही हद्द आता कुणाला जाणवतही नाही. विरार लोकलने घरी परतणाऱ्याला तर दहिसर आणि मिरा रोड म्हणजे एकापुढची एक स्थानकं. कराच्या हिशेबात मात्र ही हद्द अजून शाबूत आहे. दहिसरला भाड्याने राहणाऱ्या नोकरदाराला घरभाडे भत्त्यावरची करसवलत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकते, मिरा रोडच्या शांती नगरात ती ४० टक्क्यांवर थांबते. दोघांचं ऑफिस अंधेरीच्या एकाच इमारतीत असलं तरी आयकराचा नियम घर कुठे आहे ते बघतो. दुसरा फरक महापालिकेचा. मुंबईच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. शांती नगरातल्या तेवढ्याच घराला मिरा-भाईंदर महानगरपालिकेचं बिल येतं.

म्हणून करनियोजनाची सुरुवात आपण राहतो त्या घरापासून करावी, असं माझं म्हणणं आहे. बहुतेक लोक ती विम्याच्या एजंटापासून करतात. शांती नगरसारख्या वसाहतीत एका कुटुंबाची जवळजवळ सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये अडकलेली असते. १९८० च्या दशकापासून इथे सेक्टरामागून सेक्टर उभे राहिले, दादर-गिरगावात परवडेना अशी माणसं इथे आली, आणि ज्यांनी तेव्हा काही लाखांत घर घेतलं त्यांच्या घराला आज दहा-पंधरा पट भाव आला आहे. इथे घरं बांधणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सचं नाव तर कायद्याच्या पुस्तकातही आहे. कमाल जमीन धारणा कायद्यातून सूट मिळालेल्या जमिनीवर दुर्बल घटकांसाठी बांधायच्या घरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ३१ जानेवारी १९९० च्या निकालात न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निवाऱ्याचा हक्क मान्य झाला, पण त्या निवाऱ्यावर केंद्र, राज्य आणि महापालिका अशा तीन सरकारांचा करही आहेच.

राज्य सरकारचा सर्वांत लहान कर पगाराच्या स्लिपवर दिसतो. ‘पी.टी. २००’, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये. याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाची मनाई आहे. हे दोनशे रुपये कशाचे, हे विचारलं तर ऑफिसातल्या दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर राबवली गेली; मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशासाठी केलेला रोजगार हमीचा कायदा याच वाटेने गेला. इतक्या थोड्या पैशांत इतकं मोठं काम उभं करणारा दुसरा कर मला आठवत नाही. एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. घरातल्या कुणा महिलेचा पगार त्याहून कमी असेल आणि तरी कपात होत असेल, तर अकाउंट्सला जाऊन विचारा.

महापालिकेचं बिल वेगळ्या जातीचं आहे. ते पगार बघत नाही, घराचं करपात्र मूल्य बघतं. त्यात सामान्य कराबरोबर राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष कर अशा ओळी असतात. रक्कम फार नसते म्हणून ते बिल फ्रिजवरच्या टोपलीत पडून राहतं आणि तिथेच चूक होते, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के झाले. इतकं महाग गृहकर्ज कुठलीच बँक देत नाही. महापालिका अधूनमधून शास्तीमाफीची अभय योजना आणतात आणि काही लोक तिची वाट बघत वर्षानुवर्षं बिल भरत नाहीत. हा जुगार आहे, आणि त्यात फायदा झालाच तर फार थोडा होतो. शिवाय घर विकताना पहिला कागद मागितला जातो तो थकबाकी नसल्याचा. बिल वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावाने येत असेल तर भाईंदरच्या मुख्यालयात अर्ज करून नोंद बदलून घ्यावी. भरलेल्या पावतीचा आयकरातही उपयोग आहे. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्या रकमेतले ३० टक्के सरसकट वजा होतात. रंगकाम, प्लंबर, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. त्यांची बिलं वेगळी लावायला जाऊ नये. मेंटेनन्सवरून आठवलं: दरमहा दर सभासदाला ७,५०० रुपयांपर्यंत मेंटेनन्स असेल तर त्यावर जीएसटी नाही, म्हणजे शांती नगरच्या बहुतेक जुन्या सोसायट्यांनी त्याची काळजी करू नये.

आता तिसरं सरकार, केंद्र. आयकर भारतात १८६० मध्ये जेम्स विल्सनने आणला, १८५७ च्या बंडाने रिकामी झालेली तिजोरी भरायला. १९६१ चा कायदा साठ वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात इतकी ठिगळं लागली की कलमांचे आकडे सांभाळणं हाच एक धंदा झाला. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे. ५३६ कलमं, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ हा गोंधळ जाऊन एकच ‘कर वर्ष’. ज्या ८०सीच्या नावाने घराघरांत पॉलिसी विकल्या गेल्या ते आता कलम १२३ आहे. दर आणि सवलतींचा गाभा मात्र तसाच आहे.

त्या गाभ्यात एक बदल २०२५ च्या अर्थसंकल्पाने केला आणि शांती नगरच्या बहुतेक पगारदारांसाठी तो सगळ्यात मोठा होता. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे, म्हणजे १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत कर नाही. या आकड्याच्या आत असाल तर कर वाचवण्यासाठी एक रुपयाही कुठे गुंतवण्याची गरज नाही, कारण वाचवायला करच नाही. तरीही मार्च आला की पॉलिसी घेणारे लोक आहेत. पंधरा-वीस वर्षं हप्ते भरून हातात काय येतं, याचा हिशेब एजंट कधी मांडून दाखवत नाही. विमा हवाच, पण तो टर्म विमा आणि मेडिक्लेम. तो जीव आणि आजारासाठी घ्यायचा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटीही गेला आहे.

१२ लाख ७५ हजारांच्या वर पगार असेल तर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. समजा पगार १५ लाख आहे. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार, आणि सेससह कर ९७,५००. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, दीड लाखाची गुंतवणूक, गृहकर्जाचं दोन लाख व्याज आणि २५ हजार मेडिक्लेम असं सगळं वजा केलं तरी कर १,३९,६२० होतो. म्हणजे सगळ्या सवलती वापरणाऱ्या, हप्ते भरून वाकलेल्या माणसालाही जुनी प्रणाली ४२ हजारांनी महाग पडते. या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर एकूण वजावट ५ लाख ९४ हजारांच्या आसपास गेली पाहिजे. ते बहुधा तेव्हाच होतं जेव्हा एकीकडे गृहकर्ज चालू असतं आणि दुसरीकडे माणूस भाड्याने राहून घरभाडे भत्ता घेत असतो. पगारदाराला दर वर्षी प्रणाली बदलता येते, पण जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीच्या आत भरावं लागतं. दुकानदार किंवा व्यावसायिक असेल तर नवीतून जुनीत जाण्याची ये-जा अशी मनमानी करता येत नाही.

दहिसरच्या ५० आणि मिरा रोडच्या ४० टक्क्यांचं गणितही इथे सुटतं. मूळ पगार ३० हजार, भाडं १८ हजार, भत्ता १५ हजार असेल तर जुन्या प्रणालीत दहिसरला महिना १५ हजारांवर सवलत मिळते, शांती नगरात १२ हजारांवर. वर्षाचा फरक ३६ हजारांचा. पण या पगाराच्या माणसाला नव्या प्रणालीत बहुधा कर लागतच नाही, म्हणजे ज्याला हा फरक एके काळी टोचत होता त्याच्यासाठी तो आता कागदावरच उरला. जास्त पगारवाल्यांनी मात्र तो लक्षात ठेवावा, आणि पत्ता ‘मुंबई’ लिहून दहा टक्के जास्त मागण्याचा मोह टाळावा. पिन कोड ४०११०७ काय सांगतो, हे संगणकाला कळतं.

खोट्या भाडेपावत्या ही आपल्याकडची जुनी खोड. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि त्या पॅनवर भाड्याचं उत्पन्न दाखवलेलं नसेल तर नोटीस येऊ शकते. याच नियमाची एक सरळ बाजूही आहे. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, मुलगा-सून त्यांच्याबरोबर राहतात आणि मुलगा जुन्या प्रणालीत आहे, तर तो वडिलांना खरोखर भाडं देऊ शकतो. अटी दोनच, पैसे दर महिन्याला बँकेतून गेले पाहिजेत आणि वडिलांनी ते उत्पन्नात धरले पाहिजेत. निवृत्त वडिलांचं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर घरातला एकूण कर कमी होतो आणि म्हाताऱ्यांच्या हातात दरमहा पैसे येतात. मला विचाराल तर दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा.

वडिलांनी फ्लॅट मुलाच्या नावावर करून द्यावा का, हा प्रश्न मिरा रोडला प्रत्येक मजल्यावर आहे. जिवंतपणी बक्षीसपत्र केलं तर राहत्या घरासाठी पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांच्यात महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळे. घेणाऱ्याला आयकर नाही. वारसा कर तर भारतात १९८५ पासून नाहीच. म्हणजे कर वाचवण्यासाठी घाईने नाव बदलण्याची गरज नाही. मृत्युपत्र करून ठेवलं तरी चालतं, आणि म्हातारपणी घर आपल्या नावावर असण्याची सोय कुठल्याही सवलतीने भरून निघत नाही. दोन्ही प्रकारांत वडिलांची खरेदीची किंमत आणि तारीख मुलाकडे येते. म्हणून त्यांचा जुना करारनामा जपून ठेवायचा.

त्या कागदाची खरी किंमत घर विकताना कळते. एकाच इमारतीतले दोन फ्लॅट घेऊ, आकडे समजण्यापुरते. पहिला १९९० च्या सुमारास घेतलेला. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, मुद्रांक मूल्यांकनाच्या मर्यादेत. ती ५ लाख धरू. २०२५-२६ मध्ये तो ७५ लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी भारतीय माणसाला दोन पर्याय आहेत: महागाई न धरता नफ्यावर १२.५ टक्के, किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के. पहिल्या पद्धतीने नफा ७० लाख, कर ८ लाख ७५ हजार. दुसऱ्या पद्धतीने २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने ५ लाखांचे १८ लाख ८० हजार होतात आणि कर ११ लाख २४ हजार. इथे पहिली पद्धत स्वस्त. दुसरा फ्लॅट त्याच मजल्यावरचा, पण २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेला. तेव्हाचा निर्देशांक २००, म्हणून ४० लाखांचे ७५ लाख २० हजार होतात. ७५ लाखांना विकला तर नफाच उरत नाही, कर शून्य. १२.५ टक्क्यांच्या पद्धतीने याच माणसाला ४ लाख ३७ हजार ५०० भरावे लागले असते. ‘शेजाऱ्याने साडेबारा भरले, मीही भरतो’ असं म्हणणाऱ्याचं नुकसान ते हे.

आणखी एक सापळा आहे, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. १२ लाखांपर्यंतची सूट एकूण उत्पन्नावर ठरते. करपात्र पगार ११ लाख असलेला माणूस एरवी शून्य कर भरतो. पण ज्या वर्षी फ्लॅट विकला आणि नफा करपात्र राहिला, त्या वर्षी एकूण आकडा १२ लाखांच्या वर जातो, सूट जाते, आणि पगारावरचे ५० हजार रुपये व सेस वेगळे भरावे लागतात. शेअर बाजारातल्या नफ्यालाही तेच.

सुटका दोन वाटांनी होते. नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला की त्यावर कर नाही. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. यासाठी नफ्याएवढीच रक्कम घालावी लागते, सगळी विक्रीची किंमत नाही. शांती नगर सोडून नायगाव-विरारला मोठं घर घेणाऱ्याला हे आपोआप जमतं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवले तर सवलत जाते. दुसरी वाट सरकारी रोख्यांची: सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं की किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरणं त्याच्या गळ्यात आहे. आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

सध्या मात्र विक्रीपेक्षा पुनर्विकासाची चर्चा जास्त आहे. शांती नगरच्या चार मजली इमारतींचं प्लास्टर सुटलं आहे, लिफ्ट नाही, आणि बिल्डर जास्त जागा, भाडं आणि कॉर्पस देऊ करतो. इथे अफवा फार. बिल्डर देतो ते पर्यायी जागेचं भाडं हे करपात्र उत्पन्न नाही आणि त्यावर टीडीएस कापण्याचं कारण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. ते भाडं खरंच भाड्यावर खर्च करावं, नातेवाइकाकडे राहून साठवू नये, हे माझं मत. जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घराच्या करारावर सभासदाकडून वेगळं मुद्रांक शुल्क घेता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं. विकत घेतलेल्या जास्तीच्या जागेला मात्र शुल्क लागतं. सर्वसाधारण सभेत कुणी ‘तुमच्यावर लाखोंचा कर बसेल’ म्हणालं, तर त्याला कलम विचारा.

या सगळ्याला लागते ती एक फाइल: करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, शेअर सर्टिफिकेट, गृहकर्जाचा दाखला, घरात केलेल्या कायमच्या सुधारणांची बिलं. ठरावीक रकमेच्या वरचा प्रत्येक नोंदणीकृत व्यवहार दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे जातो आणि तुमच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो. त्यांच्याकडे तुमची फाइल आहे, तुमच्याकडेही असावी. आणि फ्लॅट विकायचा ठरला तर आधी सीएकडे जा, टोकन नंतर घ्या. ते २० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीत घेऊ नका. घर विक्रीपोटी घेतलेल्या अशा रोख रकमेएवढाच दंड घेणाऱ्याला बसतो.